मुसाफिर आणि मुकीम : चौल बंदरातले दिवस

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. दरवर्षी थंडीत आठवीच्या मुलांना घेऊन साळावचा पूल ओलांडतो आणि रेवदंडा-चौलला जातो. कोट, हमामखान्याचे अवशेष, रामेश्वराचे देऊळ एवढे पाहून झाले की कुंडलिकेच्या मुखाशी डबे उघडायचे, हा आमचा शिरस्ता. एकदा जेवता जेवता एका मुलाने विचारले, "सर, आपण बाहेरून आलो का?" कुणीतरी त्याला तसे ऐकवले होते, हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळले. घास हातातच राहिला. त्या वेळी जे नीट सांगता आले नाही, ते इथे मांडण्याचा हा प्रयत्न.

चौल आज नारळी-पोफळीच्या वाड्यांचे शांत गाव आहे. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दीच्या 'पेरिप्लस' या ग्रंथात ते 'सेमिल्ला' म्हणून येते, तर अरब त्याला 'सैमूर' म्हणत. शिडाच्या जहाजांचा तो काळ. वाऱ्याच्या मर्जीवाचून कुणाचे पान हलत नसे. थंडीत ईशान्येचा वारा सुटला की जहाजे इथून अरबस्तानाकडे जात. नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर ती परतत, तीही पावसाचा जोर सुरू होण्याआधी किंवा ओसरल्यावर. ठरलेल्या हंगामाला अरबीत 'मौसिम' म्हणतात. आपला 'मौसम' तिथूनच आला आणि इंग्रजांचा 'मान्सून'ही. वारा फिरेपर्यंत परतीची वाट बंद, म्हणून खलाशाला बंदरात थांबणे भाग पडे. आधी एक दिवस विसाव्याचा. गोडे पाणी प्यायचे, अंगावरचे मीठ धुवायचे, फाटके शीड उन्हात पसरून शिवायला घ्यायचे आणि न हलणाऱ्या जमिनीवर पाठ टेकायची. पुढे त्या एका दिवसाचे महिने होत.

अशा थांबलेल्या माणसांची नोंद एका मोठ्या प्रवाशाने करून ठेवली आहे. बगदादचा इतिहासकार अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६-१७ च्या सुमारास सैमूरला आला होता. 'मुरूज-उज़-ज़हब' या ग्रंथात तो लिहितो की इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादचे लोक आहेत. त्यांनी इथेच लग्ने केली, घरे केली. शिवाय 'बयासिरा' आहेत, म्हणजे हिंदुस्थानातच जन्मलेले मुसलमान. त्या वेळी इथे शिलाहार राजा झंझ राज्य करीत होता आणि राष्ट्रकूट सम्राट हा त्याचा अधिपती. मुसलमानांचे आपसातले व्यवहार पाहण्यासाठी राजा त्यांच्यातलाच एक प्रतिष्ठित माणूस नेमत असे. त्या पदाला 'हुनरमन' म्हणत. मसूदीच्या वेळी अबू सईद मारूफ बिन झकरिया हा त्या पदावर होता.

आम्ही ही नोंद वर्गात वाचतो तेव्हा मुलांना दोन गोष्टींकडे लक्ष द्यायला सांगतो. पहिली तारीख. ९१६ साली दिल्लीला सुलतान नव्हते, त्यांना अजून जवळजवळ तीनशे वर्षे अवकाश होता. दुसरी गोष्ट राजा. राजा हिंदू, पदावरचा माणूस मुसलमान आणि नेमणूक राजाची. इथे फौज आलेली नव्हती. माल उतरवायला आलेली माणसे होती आणि त्यांना राहू देणारी माणसे होती.

साडेपाचशे वर्षांनी याच बंदरात एक रशियन उतरला. त्वेर शहराचा व्यापारी अफानासी निकितीन. ईस्टरनंतर होर्मुजहून तो निघाला, बरोबर विकायला एक घोडा. मस्कत, गुजरात, खंबायत करत सुमारे सहा आठवड्यांनी चौलला पोहोचला. साधारण १४६९ चे हे वर्ष मानतात, काही अभ्यासक ते दोन वर्षांनी पुढे नेतात. गावात हिंडताना लोकांचा घोळका आपल्या मागे असतो, गोऱ्या माणसाचे त्यांना नवल वाटते, असे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे घाट चढून तो जुन्नरला गेला. तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडा परत मिळेल, वर हजार मोहरा मिळतील, असे बजावले. ख्वाजा मुहम्मद नावाच्या खुरासानी गृहस्थाने रदबदली केली आणि निकितीनला त्याचा घोडाही मिळाला, धर्मही राहिला. हा प्रसंग आम्ही मुलांपासून लपवत नाही. छळणारा मुसलमान होता आणि सोडवणाराही. इतिहास सोयीपुरता वाचायचा नसतो. निकितीन मायदेशी परतताना स्मोलेन्स्कजवळ वारला, पण त्याची वही घरी पोहोचली. रेवदंड्यात आज त्याचे स्मारक आहे. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्याच्यावर 'परदेसी' हा चित्रपट केला.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. आम्हां कोकणी मुसलमानांचा मसलक शाफई. देशावरचे बहुतेक मुसलमान हनफी, पण कोकण, मलबार आणि थेट जावा-सुमात्रापर्यंतचा किनारा शाफई. अरबी समुद्राच्या जुन्या वाटेची ही खूण आपण रोज नमाजात बाळगतो. प्रवासात चार रकातींच्या जागी दोन पढण्याची सवलत असते. पण शाफई मसल्याप्रमाणे येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवस मुक्कामाचा इरादा केला की सवलत संपते. माणूस मुसाफिर राहत नाही, मुकीम होतो आणि पूर्ण नमाज पढतो. हनफींकडे ही मुदत पंधरा दिवसांची आहे.

म्हणजे ज्या नाखव्याने चौलला उतरून पाचव्या दिवशी पूर्ण नमाज पढली, तो शरीअतच्या हिशेबाने इथला रहिवासी झाला. त्याच्या घरात कोकणातली लेक आली, तिच्या मुलांची बोली इथली झाली आणि मसूदी आला तेव्हा त्या मुलांना 'बयासिरा' हे नाव पडलेले होते. त्याला आता अकराशे वर्षे झाली. त्या मुलाच्या नसांत सिराफचे रक्त किती आणि आगरी-कोळ्यांचे किती, हे कोण मोजणार? आम्हांला तर मोजण्याची गरजही वाटत नाही.

आणखी एक. जुन्या जहाजांवर वाट दाखवणाऱ्याला 'मुअल्लिम' म्हणत. गुजरात-कच्छच्या किनाऱ्यावर त्याचाच 'मालम' झाला. उर्दूत मुअल्लिम म्हणजे शिक्षक, म्हणजे आमचाच पेशा. तारे पाहून जहाज बंदराला लावणे हे त्याचे काम.

यंदा पुन्हा साळावचा पूल ओलांडू. कुंडलिकेच्या मुखाशी डबे उघडू, आणि तो प्रश्न कुणी विचारण्याआधी आम्हीच मुलांना विचारू, "चार दिवसांच्या मुक्कामाने जो मुकीम होतो, तो अकराशे वर्षांनी कोण होतो?" उत्तर त्यांचे त्यांनी द्यावे.