कुठलं काम टिकतं, कुठलं सुटतं: परभणी जिल्ह्यातल्या रोजीचा धंद्यानुसार आढावा

पोरगा किंवा पोरगी बारावी झाली की परभणीतल्या बहुतेक घरांत दोन बाजू पडतात. एक म्हणते, काहीही करून सरकारी नोकरी लावा. दुसरी म्हणते, नोकरीच्या नादात वय घालवण्यापेक्षा मामूच्या गॅरेजात बसू दे, हातात हुनर तरी येईल. दोन्ही बाजूंचं थोडं खरं आहे, पण दोघांकडे माहिती अर्धी असते. म्हणून आपल्या जिल्ह्यात जी कामं आपली माणसं जास्त करतात, ती एकेक करून इथे मांडत आहोत. काम किती पक्कं आहे, कामाचा भार कसा बदलतोय आणि हातात कुठला कागद असायला हवा, या तीन गोष्टी आम्ही प्रत्येक ठिकाणी पाहिल्या आहेत.

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात एक आकडा आहे. देशातल्या मुस्लिम कामगारांपैकी जवळपास ६१ टक्के लोक स्वतःच्या धंद्यावर जगतात. म्हणजे आपल्याकडे 'नोकरी गेली' असं कमी घडतं, 'धंदा बसला' असं जास्त घडतं. नोकरी गेली तर नोटीस येते, हिशेब होतो. धंदा बसतो तेव्हा कुणी कळवत नाही. म्हणून काम कशामुळे जातं हे आधी ओळखायला हवं. कारणं साधारण चार आहेत: हंगाम, यंत्र, कायदा आणि कागद नसणं.

मोंढा आणि जिनिंग

परभणी, मानवत, सेलू हा कापसाचा पट्टा. दसरा-दिवाळीला कापूस यायला लागला की जिनिंगमध्ये रात्रपाळी सुरू होते आणि उन्हाळा लागता लागता काम उतरतं. मोंढ्यात सोयाबीन, तूर, हरभरा यांचंही तसंच आहे. वर्षाचे काही महिने बारा तास काम आणि उरलेले महिने हात रिकामे, हा या कामाचा स्वभाव आहे. त्यामुळे हंगामातला रोज मोठा दिसतो, पण तो बारा महिन्यांत वाटून पाहिला तर घरखर्चाचा खरा अंदाज येतो.

हमालांसाठी महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे. हमाल एका व्यापाऱ्याचा नोकर नसतो, टोळीत फिरून काम करतो, हे ओळखून तो केलेला आहे. व्यापाऱ्याने मजुरी आणि त्यावरची लेव्ही माथाडी मंडळात भरायची आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजेचा पगार द्यायचा, अशी ती पद्धत. नाव मंडळात नोंदलेलं असेल तरच हे मिळतं. मुकादमाच्या वहीतलं नाव म्हणजे मंडळातली नोंद नव्हे, हा फरक प्रत्येक हमाल भावाने समजून घ्यावा.

बांधकाम

गवंडी, सेंट्रिंगवाले, फरशी बसवणारे, रंगारी, प्लंबर, वायरमन, वेल्डिंगवाले हे सगळे कायद्याने बांधकाम कामगार आहेत. अनेकांना वाटतं की ही नोंदणी फक्त विटा उचलणाऱ्यांची असते. तसं नाही. वय १८ ते ६० असेल आणि मागच्या वर्षभरात किमान ९० दिवस काम केलं असेल, तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंद होते. मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपण, अपघात अशा योजना त्यावरच मिळतात.

लोक अडतात ते ९० दिवसांच्या दाखल्यावर. तो ठेकेदार देतो, किंवा गावात ग्रामसेवक आणि शहरात पालिकेचे अधिकारी देतात. दुसरी अडचण नूतनीकरणाची. नोंद दरवर्षी ताजी करावी लागते. ती विसरलेली असली आणि त्याच काळात अपघात झाला, तर घरच्यांच्या हाती काही लागत नाही. नोंदणीचं शुल्क अगदी नाममात्र आहे. त्यासाठी हजारो रुपये मागणाऱ्या दलालापासून दूर राहावं.

शिलाई

रेडिमेड कपड्यांनी शर्ट-पँटचं काम खाल्लं, हे आता जुनं झालं. तरी लेडीज टेलरिंग, ब्लाऊज, बुरखा, फॉल-पिको, आल्टर आणि शाळेचे गणवेश यांचं काम टिकून आहे. या धंद्यात भार एका ठिकाणी साचतो तो रमजान ईदच्या आधी. पण ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, याचा हिशेब फार थोडे टेलर मांडतात. २०१७ ला ईद २६ जूनला होती, २०१८ ला १६ जूनला. म्हणजे ईदचे कपडे आणि शाळेचे गणवेश एकाच वेळी यायचे, आणि टेलर रात्र-रात्र मशिनवर बसायचे. २०२५ ला ईद ३१ मार्चला आली. आता ती लग्नसराई आणि शाळा या दोन्ही हंगामांच्या आधी येत आहे. २०३० मध्ये तर रमजान वर्षातून दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि डिसेंबरच्या शेवटी. म्हणजे येत्या काही वर्षांत काम तेवढंच राहिलं तरी ते जास्त महिन्यांत विभागलं जाईल. कारागीर कधी ठेवायचा, कापड कधी भरायचं, हे यावरून ठरवता येतं.

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक धंदे आहेत. दर्जी, गवंडी, लोहार, कुलूप बनवणारे, न्हावी हे त्यात येतात. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने कर्ज असं तिचं स्वरूप आहे. व्याजाचं कर्ज नको असणाऱ्या घरांनी लक्षात घ्यावं: प्रशिक्षण आणि अवजारांची मदत घेतली म्हणजे कर्ज घ्यावंच लागतं असं नाही.

गॅरेज

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ झाल्या. दुचाकीतला कार्बुरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. उस्तादाने कानाने इंजिन ऐकून सेटिंग करायचं आणि शागीर्दाने ते बघून शिकायचं, ही जुनी पद्धत नव्या गाडीला पुरत नाही. तिला सेन्सर, स्कॅनर आणि वायरिंग समजणारा माणूस लागतो. जुन्या गाड्या रस्त्यावर आहेत तोवर जुनं काम राहीलच, पण ते दरवर्षी थोडं थोडं कमी होत जाणार. त्यात आता बॅटरीवरच्या गाड्या आल्या आहेत. त्यांत ऑइल बदलायचं नसतं, प्लग नसतो, क्लच नसतो. आज १५-१६ वर्षांचा पोरगा गॅरेजात पाठवायचा असेल, तर सोबत आयटीआयचा इलेक्ट्रिकल किंवा मोटर मेकॅनिकचा कोर्स करून घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. दुकानात बसून हात तयार होतो आणि आयटीआयमुळे प्रमाणपत्र मिळतं. दोन्ही असलेला पोरगा शोरूममध्येही लागतो आणि बाहेरगावीही.

मांस, फळं, हातगाडे

कायदा बदलला की धंदा कसा हलतो, याचं सगळ्यात मोठं उदाहरण कुरेशी बांधवांचं आहे. राज्यात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्यापासूनच होती. मार्च २०१५ मध्ये त्यात बैल आणि वळूही आले. म्हशीवर ती बंदी नाही. तरी वाहतुकीत गाड्या अडवणं, मारहाण, जनावरं जप्त होणं हे सुरूच राहिलं, म्हणून २०२५ च्या पावसाळ्यात राज्यातल्या अनेक भागांत कुरेशी समाजाने जनावरांची खरेदीच थांबवली. त्याचा फटका आठवडी बाजारात जनावर विकायला आलेल्या शेतकऱ्यालाही बसला. या धंद्यात खरेदीची पावती, पशुवैद्यकीय दाखला आणि वाहतुकीचा परवाना हेच संरक्षण आहे. घरात दुसरा भाऊ असेल तर त्याने वेगळी वाट धरलेली बरी, असं बरीच कुटुंबं आता ठरवत आहेत. त्यात कमीपणा काही नाही.

फळं-भाजीचे हातगाडे लावणाऱ्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र आणि शहर विक्रेता समितीत किमान ४० टक्के विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी, असं त्यात लिहिलं आहे. सर्वेक्षण होईपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही, हेही आहे. परभणीत २०११ पासून महापालिका आहे. सर्वेक्षणाच्या वेळी गाड्यावर हजर राहून नाव लावून घेणं, हे हातगाडेवाल्याचं सगळ्यात मोठं काम.

शाळा

उर्दू शाळांतली मास्तरकी आपल्या समाजात सगळ्यात मानाची आणि पक्की नोकरी समजली जाते. पण ही नोकरी पटसंख्येवर उभी आहे. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक, असं प्रमाण आहे. पट घटला की संचमान्यतेत पद कमी होतं, शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि समायोजनात दुसऱ्या गावी जातो.

दुसरी गोष्ट टीईटीची. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. ज्यांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरली आहे, त्या पहिली ते आठवीच्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं लागेल. पाच वर्षांपेक्षा कमी सेवा उरलेल्यांना नोकरीत राहता येईल, पण टीईटीशिवाय बढती नाही. अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे पाठवला आहे. इथे एक गैरसमज दूर करायला हवा: जिल्हा परिषदेची उर्दू शाळा ही अल्पसंख्याक संस्था नव्हे. ती सरकारी शाळा आहे. तिथल्या शिक्षकांना हा निकाल लागू होतो.

नव्याने लागणाऱ्याला आधी तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. २०२३ पासून हे मानधन प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार आहे. कामाचा भार म्हणाल तर तो शिकवण्यापेक्षा ऑनलाइन माहिती भरण्यात आणि सर्वेक्षणांत वाढला आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्तीतलं काम आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं शिक्षकाला देता येतात. हे कलम शिक्षकांनी पाठ ठेवावं.

दवाखाना आणि अंगणवाडी

परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून नर्सिंग, लॅब, एक्स-रे या कोर्सकडे मुलींचा ओढा वाढला आहे. ही कामं जाणारी नाहीत, पण बरीच पदं कंत्राटी असतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानात १० वर्षं झालेल्यांना सामावून घेण्याचा निर्णय मार्च २०२४ मध्ये झाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांना संपावर जावं लागलं. अंगणवाडी ताई आणि आशा यांना तर पगार नाही, मानधन आहे. वजन-उंची, आहार, हजेरी सगळं मोबाइलवर भरायचं, आणि तेही रजिस्टर सांभाळून. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असं सांगितलं. हा निकाल घरोघरी माहीत हवा.

'पक्की' नोकरी

पक्की नोकरी म्हणजे पगार पक्का. जागा आणि काम पक्कं असतंच असं नाही. पूर्णा जंक्शन हे याचं जवळचं उदाहरण. वाफेच्या इंजिनांच्या काळात तिथलं लोको शेड आणि रेल्वे कॉलनी यांच्यावर गाव चालायचं. इंजिनं बदलली, मीटरगेज गेलं, तसं शेडचं काम संपलं. नोकरीत असलेल्यांची नोकरी राहिली, पण त्यांच्या पोरांसाठी तिथे जागा उरल्या नाहीत.

एसटीतही तेच. २०२१-२२ च्या लांबलेल्या संपात सरकारात विलीनीकरणाची मुख्य मागणी मान्य झाली नाही. आता भाड्याने आलेल्या ई-बसवर चालक कंपनीचा असतो. १ नोव्हेंबर २००५ नंतर सरकारी सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन राहिली नाही. म्हणून 'सरकारी लागला' म्हणताना पद कायम आहे की कंत्राटी, हे आधी विचारावं, विशेषतः रिश्ता बघताना.

दुकान, कंपनी, पार्सल

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र, ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आणि ओव्हरटाइमला दुप्पट मजुरी या त्यातल्या चांगल्या बाजू. कामगार काढताना सरकारची परवानगी घेण्याची अट मात्र १०० वरून ३०० कामगारांच्या कारखान्यांपुरती राहिली. आपल्या जिल्ह्यात एवढे मोठे कारखाने मोजकेच, त्यामुळे ते संरक्षण बहुतेकांना नाहीच. पार्सल पोचवणाऱ्या पोरांची कायद्यात प्रथमच नोंद झाली. कंपनीने उलाढालीच्या १ ते २ टक्के त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायचे आहेत. त्यासाठी ई-श्रमवर नाव लागतं.

आखातात जाताना

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीची अट असते. ती त्रास वाटते, पण करार आणि विमा त्यामुळेच होतो. टुरिस्ट व्हिसावर कामाला जाणं म्हणजे स्वतःचे हात बांधून घेणं. एजंट नोंदणीकृत आहे का, हे ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. सेवाशुल्काची कायदेशीर मर्यादा ३० हजार रुपये अधिक जीएसटी आहे.

घरात एक फाइल

धंदा कुठलाही असो, प्रत्येक कमावत्या माणसाची एक फाइल घरात असावी: नेमणूकपत्र किंवा कामाचा दाखला, पगार बँकेत आल्याची नोंद, पीएफचा यूएएन क्रमांक, ई-श्रम कार्ड, मंडळाची नोंद आणि ती संपण्याची तारीख. ही फाइल कुठे आहे, हे घरातल्या बाईला माहीत असावं. कमावता माणूस आजारी पडला किंवा गेला, तर कचेरीच्या पायऱ्या तिलाच चढाव्या लागतात. त्या दिवशी तिच्या हातात कागद असेल, तर मेहनतीचा हक्क बुडणार नाही.