यॉर्क रोड आणि ऑक्सफर्डचा कप

मेडनहेड स्टेशनजवळचं यॉर्क रोडचं मैदान तुम्ही पाहिलं असेलच. १६ फेब्रुवारी १८७१ला तिथे मार्लोविरुद्ध पहिला सामना झाला. त्याच वर्षी एफए कप सुरू झाला आणि पहिल्या १५ संघांत आपलं मेडनहेडही होतं.

आज मात्र गोष्ट आहे कॉलेजच्या पोरांची. १८७३मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने मेडनहेडला ४-० हरवलं, पण अंतिम सामन्यात वाँडरर्सकडून मार खाल्ला. पुढच्या मोसमात पुन्हा तेच वाँडरर्स समोर! पहिला सामना १-१, फेरसामना ऑक्सफर्डने १-० जिंकला. कर्णधार होता कथबर्ट ऑटवे, इंग्लंडचाही पहिला कर्णधार. (तेव्हा गोलच्या खांबांवर आडवा दांडा नसे, नुसती फीत बांधलेली.)

तिकडे रॉयल इंजिनिअर्सने मेडनहेडवर सात गोल चढवले. १४ मार्च १८७४ला हेच लष्करी इंजिनिअर अंतिम सामन्यात ऑक्सफर्डसमोर उभे राहिले. मैदान ओव्हलचं, जिथे १९७१मध्ये आपला वाडेकरांचा संघ जिंकला. मॅकारनेस आणि पॅटन यांनी सुरुवातीलाच गोल केले. निकाल २-०.

विद्यापीठाच्या संघाने एफए कप जिंकला तो तेवढाच. आणखी दोनदा, १८७७ आणि १८८०मध्ये, ते अंतिम सामन्यात हरले आणि मग स्पर्धेतूनच गेले. पोरं शिकून निघून जायची, संघ दरवर्षी नवा. सात गोल खाल्लेलं मेडनहेड मात्र यॉर्क रोडवरच खेळत राहिलं. एकाच क्लबने सलग वापरलेलं इतकं जुनं मैदान जगात दुसरं नाही. ते सोडून ब्रेविक पार्कात जायची योजना मध्यंतरी क्लबनेच मांडली होती.