चालीच्या खालची ओळ

या प्रवासाला सामान एकच घ्या: व्हायोलिन. ते तुम्हाला उत्तम वाजवता येतं आणि पाच रेघांवर लिहिलेलं पाश्चात्त्य स्वरलेखन तुम्ही पहिल्याच नजरेत वाचू शकता, एवढं गृहीत धरून निघू. वाटेत तुमचं वादन लाखो लोक ऐकतील, पण तुमचं नाव कुठेही छापून येणार नाही. ज्यांना भेटायला आपण चाललो आहोत, त्यांनी आयुष्यभर याच अटीवर काम केलं.

१९३८, माजोर्डा

तुम्ही दक्षिण गोव्यात, सासष्टीतल्या माजोर्डा गावी पोहोचला आहात. अंमल पोर्तुगिजांचा आहे. देवमातेच्या चर्चला लागून असलेल्या शाळेत मुलं सुरात काहीतरी म्हणताहेत. जवळ जा. ती प्रार्थना नाही, कागदावरचे स्वर ती गाऊन वाचताहेत. समोर उभे असलेले गुरुजी, म्हणजे मेस्त्र, हातानं ताल देतात आणि चुकणाऱ्याला पहिल्या ओळीपासून पुन्हा म्हणायला लावतात. मुलांच्या हातात अजून वाद्य आलेलं नाही. आधी डोळ्यांना स्वर दिसले पाहिजेत, ते गळ्यातून निघाले पाहिजेत, व्हायोलिन त्यानंतर.

चर्चला जोडलेल्या अशा शाळा गोव्यात सोळाव्या शतकापासून आहेत. उपासनेसाठी गाणारे, वाजवणारे तयार व्हावेत, हा त्यांचा हेतू. त्यामुळे शेतकऱ्याच्या मुलालाही इथे स्वरलेखन येतं. सकाळी लॅटिन स्तोत्रं, संध्याकाळी एखाद्या घरी लादाईन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, लग्नात मांडो आणि दुलपद ही कोकणी गाणी. एकच मुलगा व्हायोलिन वाजवतो आणि वेळ पडली तर ट्रम्पेट किंवा क्लॅरिनेटही उचलतो.

गावातल्या मेस्त्रांच्या अकरा वर्षांच्या मुलाकडे लक्ष असू द्या. अँथनी गोन्साल्विस, जन्म १९२७. घरातच संगीत असल्यानं तो इतरांच्या फार पुढे आहे. पण गावात इतक्या वादकांना पुरेल एवढं काम नाही. चर्चचं फेस्त वर्षातून एकदा, लग्नं हंगामात. पोट भरायचं तर मुंबई गाठायला हवी.

१९४३, धोबीतलाव

मडगावहून रेल्वेनं घाट चढून लोंढा, मिरज, पुणे करत तुम्ही मुंबईत उतरता आणि धोबीतलावच्या कुडीत पथारी टाकता. कूड म्हणजे एका गावच्या पुरुषांनी मिळून चालवलेली खोली. भिंतीला लागून पेट्या, एका टोकाला छोटी वेदी, संध्याकाळी सगळ्यांचा मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. बोटीवर काम करणारा खलाशी, आचारी आणि वादक इथे शेजारी शेजारी झोपतात. कुठल्या बँडला व्हायोलिन हवंय, कुठल्या स्टुडिओत उद्या बोलावणं आहे, या बातम्या इथेच मिळतात.

रात्री अपोलो बंदरला चला. ताज आणि शेजारच्या ग्रीन्स हॉटेलात स्विंग वाजतंय. हल्दोण्याच्या आंतोनियो झेवियर वाझला इथे सगळे चिक चॉकलेट म्हणतात. त्याच्या ट्रम्पेटमुळे मुंबईनं त्याला आपला लुई आर्मस्ट्राँग ठरवलंय. रेकॉर्ड ऐकून तो अमेरिकेतलं संगीत आत्मसात करतो आणि आपल्या वादकांना लिहून देतो. समोरचे लोक नाचताहेत. वादकांपैकी कित्येक जण मात्र मनात उद्याच्या सकाळचा विचार करताहेत, कारण सकाळी त्यांना सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाला पोहोचायचं आहे.

याच वर्षी सोळा वर्षांचा अँथनी संगीतकार नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून रुजू होतो. चर्चमध्ये वाढलेल्या या मुलाच्या कानावर आता रोज राग पडताहेत. समोर स्वरलिपीचा कागद नसताना सारंगिये, सतारिये जे वाजवतात, ते कुठून येतं, हे समजून घेतल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. तो हिंदुस्थानी संगीत शिकायला लागतो, तेही नामवंत गायक-वादकांसमोर बसून. गोव्याचे बरेच वादक समोरचा कागद चोख वाजवून घरी जात. अँथनीला त्यापुढे जायचं होतं.

१९५१, मुंबईतला एक स्टुडिओ

आता आठ वर्षं पुढे या. इंग्रज गेले, संस्थानं विलीन झाली, मुंबई राज्यात दारूबंदी आली. हॉटेलांतल्या नाचगाण्याला ओहोटी लागली आणि बँडमधल्या वादकांचा मुख्य आधार सिनेमा झाला. फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवणारे रेइस मागूशचे सेबॅस्टियन डिसोझाही मुंबईत आले आहेत. पुढे वीसहून अधिक वर्षं शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं संगीत संयोजन तेच करतील.

तुम्ही सी. रामचंद्र यांच्याकडे बसला आहात. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, पेटीवर भावगीत जितक्या सहज उमटवतात तितक्याच सहज रुंबा आणि स्विंग उमटवणारे. चिक चॉकलेट त्यांचा सहायक आहे. भगवानदादांच्या ‘अलबेला’ची गाणी याच जोडीनं घडवली. चित्रपटात चिक आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतो, म्हणून तुम्हाला त्याचा चेहरा तरी पाहायला मिळतो. इतरांचा मिळत नाही.

इथे गाणं कसं तयार होतं, ते नीट पाहून घ्या. संगीतकार पेटीवर चाल गातो. संयोजक ती ऐकता ऐकता कागदावर उतरवतो. मग त्याला ठरवायचं असतं: गाण्याची सुरुवात कोणत्या वाद्यानं करायची, दोन कडव्यांच्या मधलं म्युझिक काय असेल, गायिका श्वास घेते त्या जागी बासरी की व्हायोलिन, आणि ती गात असताना तिच्या खालून चेलो कुठल्या वाटेनं जातील. संगीतकार कधी यातलं बरंच काही सुचवतो, कधी नुसतं ‘इथे काहीतरी भरा’ एवढंच सांगतो. संयोजकाचा कागद तयार झाला की प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा उतरवला जातो. सतारिये, तबलजी यांना तेच सरगममध्ये किंवा तोंडी सांगितलं जातं.

यात खरी अडचण कुठे आहे? समजा, चाल भूपाळीतली आहे: सा, रे, ग, प, ध. पाश्चात्त्य पद्धतीनं साथ द्यायची तर तीन मूळ कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, हाताशी हवेत. पहिला सा-ग-प, तो चालतो. दुसरा म-ध-सा, भूपाळीत मध्यम वर्ज्य आहे. तिसरा प-नि-रे, निषादही वर्ज्य. म्हणजे पुस्तकातली साथ जशीच्या तशी दिली तर राग मोडतो, आणि दिलीच नाही तर चाळीस वादक बसवून उपयोग काय?

सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्यांनी यातून वाट काढली. कॉर्डचे खांब उभे करण्याऐवजी त्यांनी मूळ चालीखालून दुसरी चाल नेली. रागाचेच स्वर घेऊन ती उलट दिशेला जाते, गळा थांबतो तिथे वर येते, गळा सुरू झाला की खाली उतरते. ही ओळ युरोपच्या पुस्तकात सापडत नाही आणि घराण्याच्या तालमीतही नाही. दोन्हीकडचं संगीत अंगी मुरलेल्या माणसालाच ती लिहिता येते. या माणसांनी केलेलं काम हे स्वतंत्र सर्जन आहे, असं मला ठामपणे वाटतं. त्याला साथसंगत म्हणून बाजूला ठेवणं अन्याय आहे.

ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा लागला. सगळे एकाच वेळी वाजवणार, गायिकाही त्याच वेळी गाणार. मायक्रोफोन मोजकेच, म्हणून कुणी किती जवळ बसायचं यावरच आवाजाचा तोल ठरतो. शेवटच्या ओळीत तुमचा एक स्वर घसरला तर सगळ्यांना पहिल्यापासून वाजवावं लागेल. मान खाली, डोळे कागदावर.

१९५८, सेंट झेवियर्स महाविद्यालय

या थांब्यावर अंगात कोट हवा. धोबीतलावजवळच्या सेंट झेवियर्सच्या दगडी कमानींमधल्या चौकात खुर्च्या मांडल्या आहेत. अँथनी गोन्साल्विस आता एकतीस वर्षांचा आहे आणि त्यानं स्वतःचा इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केलाय. ११० वादक. एकल स्वरांसाठी लता मंगेशकर आणि मन्ना डे. रोज ज्यांच्या गाण्यांखालची ओळ तो लिहितो, ते आज त्याच्या रचनेसाठी उभे आहेत.

त्यानं लिहिलेल्या कृतींपैकी एक सोनाटिना इंडियाना, एक राग सारंगमधला कॉन्सर्टो. तीन मिनिटांच्या गाण्यात दहा सेकंदांचं म्युझिक लिहिताना जे हात आखडून ठेवावे लागत, ते इथे मोकळे झाले. राग त्याच्या शिस्तीसकट सिम्फनीत आणता येतो, हे त्याला सिद्ध करायचं होतं. या उपक्रमाला स्थिर पाठबळ मिळालं नाही. आपल्याकडे तेव्हा वादकाला मजुरी होती, संयोजकाला काम होतं, पण अशा संगीतकाराच्या पाठीशी उभी राहील अशी व्यवस्था नव्हती. १९६५मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठाच्या निमंत्रणावरून तो अमेरिकेला गेला आणि मुंबईच्या स्टुडिओंतून त्याचं नाव पुसट होत गेलं.

स्वतःचं काही उभं करण्याची ओढ त्याच्या एकट्याची नव्हती. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड हे ट्रम्पेट आणि व्हायोलिन दोन्हींत निष्णात. हिंदी सिनेमात राबून मिळवलेल्या अनुभवाच्या बळावर त्यांनी ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) हे कोकणी चित्रपट निर्माण केले.

१९६९ ते १९७७

पुढचे थांबे झरझर घ्या. १९६९: ‘आराधना’च्या ‘रूप तेरा मस्ताना’तला अ‍ॅकॉर्डियन ऐका. वाजवणारे केरसी लॉर्ड. वडील कावस लॉर्ड तालवादक, भाऊ बुर्जोर ड्रम आणि व्हायब्राफोनवर. केरसी तालवाद्यं वाजवतात, ग्लॉकेन्स्पिएल वाजवतात, पियानो वाजवतात, संयोजन करतात आणि १९७०च्या दशकात मिनीमूग सिंथेसायझरही मुंबईत आणतात. एका माणसाला इतकी वाद्यं कशासाठी, असं वाटेल. पोटापाण्याच्या दृष्टीनं उत्तर सोपं आहे: ज्याला जास्त वाद्यं येतात त्याला जास्त बोलावणी येतात. पण त्याहून महत्त्वाचं असं की, ज्याच्या हातातून अनेक वाद्यं गेली आहेत त्याला प्रत्येकाचा श्वास कळतो. अ‍ॅकॉर्डियनचा भाता कुठे उलटतो, धातूच्या पट्टीवरचा नाद किती वेळ टिकतो, हे माहीत असलेला माणूस वेगळंच लिहितो.

१९७७: चित्रपटगृहात ‘अमर अकबर अँथनी’. भल्यामोठ्या अंड्यातून अमिताभ बच्चन बाहेर येतो आणि स्वतःचं नाव अँथनी गोन्साल्विस असल्याचं सांगतो. चित्रपटगृह हसतंय, शिट्ट्या वाजवतंय. हे नाव खऱ्या माणसाचं आहे, हे तिथे फारच थोड्यांना ठाऊक आहे. या चित्रपटाच्या संगीतकार जोडीतल्या प्यारेलाल यांनी लहानपणी व्हायोलिनचे धडे या गोन्साल्विसांकडे घेतले होते. आर. डी. बर्मन हेही त्यांचे विद्यार्थी. प्यारेलाल यांनी गुरूचं नाव देशाच्या तोंडी बसवलं. ज्या गुरूचं नाव श्रेयनामावलीत क्वचितच आलं, त्याला मिळालेली ही गुरुदक्षिणा फार मोठी आहे. गोन्साल्विस पुढे माजोर्ड्याला परतले. १८ जानेवारी २०१२ रोजी त्यांचं निधन झालं.

आज

आता फोनवर १९५०च्या दशकातलं तुमच्या आवडीचं कुठलंही गाणं लावा. शब्द पाठ आहेत, गळाही ओळखीचा आहे. या वेळी त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. खालून जाणाऱ्या व्हायोलिन आणि चेलोंचा पाठलाग करा. कडव्याच्या दुसऱ्या ओळीत ते काय करतात ते ऐका. ती ओळ कुणीतरी बसून लिहिली आहे, कुणीतरी ती वाचून एका दमात वाजवली आहे. तुम्ही आता त्यांच्यात बसून आला आहात.

त्या काळच्या कितीतरी स्वरलिपी जपल्याच गेल्या नाहीत. जे थोडं हाती उरलं, त्यात न्यूझीलंडमधले संगीत-अभ्यासक ग्रेगरी बूथ यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी मुंबईत येऊन म्हाताऱ्या वादकांच्या मुलाखती घेतल्या आणि २००८मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला. हे काम आपलं होतं. त्यातला निदान एक भाग अजूनही आपल्या हातात आहे. जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांत निवेदक गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तीन नावं न चुकता घेतो. संयोजकाचं चौथं नाव घ्यायला काही सेकंद लागतात. पुढच्या कार्यक्रमात ते घेतलं गेलं नाही, तर मध्यंतरात उठून निवेदकाकडे जा आणि विचारा: याचं संयोजन कुणी केलंय? त्याला ठाऊक नसेल तर पुढच्या वेळी तो शोधून येईल.