टेन्शन नको घेऊ बे

वऱ्हाडात मैदानावर उतरणाऱ्या पोराला शेवटच्या मिनिटाला मिळणारा सल्ला ठरलेला असतो. मित्र म्हणतात, "टेन्शन नको घेऊ बे." सल्ला देणारा वयानं मोठा असेल तर, "काहून भेऊन राह्यला? वाघावानी खेळ." मी अमरावतीत शाळेकडून खो-खो खेळायचो, तेव्हा ही दोन्ही वाक्यं इतक्यांदा ऐकली की त्यांचा अर्थच उरला नाही. सांगणाऱ्याच्या मनात माया असते, त्याबद्दल शंका नाही. पण या वाक्यात करण्यासारखं काही नसतं. टेन्शन घ्यायचं नाही म्हणजे नेमकं काय करायचं? नजर कुठे ठेवायची? श्वासाचं काय? पोटात जो गोळा आलाय त्याचं काय?

आता या प्रश्नांची उत्तरं देणारं शास्त्र आहे. त्याला क्रीडा मानसशास्त्र म्हणतात, आणि मोठ्या संघांबरोबर त्यातला तज्ज्ञ असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. पण या शास्त्राचा इतिहास वाचताना मला सारखं आपल्या गावातलं एक मैदान आठवत होतं. कारण या प्रश्नांची काही उत्तरं अमरावतीत शंभर वर्षांपूर्वीच दिली जात होती. फक्त त्यांना कुणी मानसशास्त्र म्हणत नव्हतं.

सायकली, गळ आणि ४० मुलं

१८९८ साली अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेट नावाच्या माणसानं एक शोधनिबंध छापला. त्याला सायकल शर्यतींचा नाद होता. एकटा सायकलपटू घड्याळाविरुद्ध पळतो तेव्हा हळू पळतो आणि शेजारी कुणी असला की वेग वाढतो, हे त्याच्या लक्षात आलं. मग त्यानं ४० मुलांना मासे पकडायच्या गळाची चकरी फिरवायला लावली. एकदा एकट्यानं, एकदा दुसऱ्याच्या शेजारी.

या प्रयोगातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. स्पर्धेत २० मुलांचा वेग वाढला. १० मुलांवर काही परिणाम झाला नाही. आणि उरलेली १० मुलं चक्क बिघडली. त्यांचे हात आखडले, धाप लागली, चकरी नीट फिरेना. म्हणजे बघणारा माणूस आणि शेजारचा प्रतिस्पर्धी काहींना पंख देतो आणि काहींचे पाय बांधतो. 'वाघावानी खेळ' हे वाक्य पहिल्या २० जणांना कदाचित चालेल. त्या १० जणांचं काय करायचं, हा खरा प्रश्न आहे.

१९१४, अमरावती

त्यानंतर १६ वर्षांनी, १९१४ साली, अमरावतीत अंबादासपंत वैद्य आणि त्यांच्या भावानं हनुमान आखाडा सुरू केला. पुढे त्याचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. आज अमरावतीत नुसतं 'एचव्हीपीएम' म्हटलं तरी रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. तो काळ पारतंत्र्याचा होता. शरीर कमावणं म्हणजे भीती घालवणं, आणि भीती घालवणं म्हणजे देशाचं काम, असा सरळ हिशेब होता. क्रांतिकारक राजगुरूंचंही नाव या आखाड्याशी जोडलेलं आहे.

भीती घालवायची कशी, याचं उत्तर मात्र भाषणात नव्हतं. ते रोजच्या शिस्तीत होतं. मल्लखांबाचंच बघा. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी नावारूपाला आणलेला हा प्रकार. एरंडेल लावलेला गुळगुळीत लाकडी खांब, आणि त्यावर उलटं लटकलेलं पोर. पहिल्या दिवशी कुणी त्याला खांबाच्या टोकावर उभं राहायला सांगत नाही. आधी सलामी, मग साधी उडी, मग पकड घट्ट होईपर्यंत तीच उडी पुन्हा पुन्हा. मग दसरंग. वस्ताद खाली हात पुढे करून उभा. आज दोन हात, काही महिन्यांनी एक हात, मग नुसती नजर. उंची वाढत जाते आणि भीती प्रत्येक पायरीवर थोडी थोडी खर्च होते.

१९५८ साली जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञानं भीतीवर उपचार करण्याची एक पद्धत पुस्तकातून मांडली. घाबरवणाऱ्या गोष्टीच्या छोट्या छोट्या पायऱ्या करायच्या आणि शरीर शांत ठेवत एकेक पायरी चढायची. ती जगभर गाजली. वस्तादांनी वोल्पे वाचला नव्हता आणि वोल्पेनं मल्लखांब पाहिला असेल असंही नाही. पण दोघांना एकच गोष्ट कळली होती. भीतीला 'जा' म्हटल्यानं ती जात नाही, तिला जिना लागतो.

कुस्तीच्या हौद्याचंही तसंच. उतरण्याआधी माती कपाळाला लावायची, हनुमानाला नमस्कार करायचा, मांडीवर थाप मारायची. बाहेरून बघणाऱ्याला ही भक्ती वाटते, आणि ती असतेही. पण रोज त्याच क्रमानं केलेल्या या चार गोष्टी मनाला एक खूण देतात, की बाहेरचं जग संपलं, आता हौदा. बास्केटबॉलमधला खेळाडू फ्री थ्रोआधी चेंडू ठरावीक वेळा आपटतो आणि टेनिसपटू सर्व्हिसआधी तेच तेच हातवारे करतो, तेही याचसाठी.

बर्लिन, एका दमात

१९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या निमित्तानं या मंडळाचं पथक जर्मनीत गेलं आणि त्यानं तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. अमरावतीहून निघून मुंबई, मग बोट, मग अनोळखी देश, आणि समोर असे प्रेक्षक की ज्यांना कबड्डी म्हणजे काय हेच माहीत नाही. या पथकाची गोष्ट आपल्याकडे अभिमानानं सांगितली जाते. मला त्यात दुसरंच काही दिसतं. ट्रिप्लेटच्या ४० मुलांसमोर होते एखाद-दोन माणसं. यांच्यासमोर अख्खं परकं जग होतं.

आणि त्यांनी दाखवलेली कबड्डी, म्हणजे आपला हुतूतू, हा खेळ मनाच्या दृष्टीनं विलक्षण आहे. एकटा गडी सात जणांच्या अंगणात शिरतो. बरोबर कुणी नाही. हातात काही नाही. त्याच्याकडे असतो फक्त एक श्वास, आणि तोही मोठ्यानं उच्चार करत सोडायचा. दम तुटला की बाद. आज चढाईला ३० सेकंदांचं घड्याळ आलं, मॅट आली, टीव्ही आला, पण एका दमाचा नियम अजून आहे.

घाबरलेल्या माणसाचा श्वास वर वर आणि भराभर चालतो. श्वास सावकाश आणि लांब सोडला की हृदयाचे ठोके कमी होतात, हे आज शरीरशास्त्र सांगतं. म्हणून नेमबाजापासून फ्री किक मारणाऱ्यापर्यंत सगळ्यांना आधी लांब श्वास सोडायला शिकवतात. हुतूतू काही उपचार म्हणून जन्माला आला नाही. चढाईत अंगाची झटापटही असते, तिथे ठोके वाढणारच. पण ज्या पोरानं लहानपणापासून शत्रूच्या अंगणात श्वास राखून धरायची सवय केली, त्याला घाबरल्यावर काय करायचं ते कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

त्याच बर्लिनमध्ये भारताचा हॉकी संघही होता. स्पर्धेआधीच्या सराव सामन्यात जर्मनीनं त्यांना ४-१ असं हरवलं. कॅप्टन ध्यानचंद यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की हा पराभव संघाच्या मनातून जात नव्हता. १५ ऑगस्टला फायनल, पुन्हा जर्मनीशीच. सामन्याआधी सहायक व्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी ड्रेसिंग रूममध्ये काँग्रेसचा तिरंगा काढला आणि खेळाडूंनी त्याला वंदन केलं. मग ते मैदानात उतरले आणि ८-१ नं जिंकले. झेंड्यामुळे गोल झाले असं मी म्हणणार नाही, ध्यानचंद नावाचा माणूस त्या संघात होता. पण 'घाबरू नका' म्हणण्याऐवजी गुप्तांनी त्या पोरांना करायला एक गोष्ट दिली, आणि ती सगळ्यांनी मिळून करायची होती.

जे आखाड्याला जमलं नाही

इथे थांबलो तर हा लेख 'आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' या जातीचा होईल. तसं नाही. आखाड्याकडे भीतीवर कृती होती, पण भीतीबद्दल बोलायला भाषा नव्हती. जो पायऱ्या चढला तो गडी. जो अडकला तो भित्रा, आणि तो हळूहळू यायचा बंद झाला. त्याचं नाव कुठल्याच स्मरणिकेत सापडत नाही. ट्रिप्लेटची ती १० मुलं आपल्या आखाड्यांतही असणारच. ती कुठे गेली, हे कुणी लिहून ठेवलं नाही.

ही भाषा शास्त्रानं दिली, तीही सहज नाही. कोलमन ग्रिफिथनं १९२५ मध्ये इलिनॉय विद्यापीठात खेळाडूंच्या मनाचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा काढली. १९३८ मध्ये त्याला शिकागो कब्ज या बेसबॉल संघानं बोलावलं, पण तिथल्या मॅनेजरनं त्याचं काही ऐकलं नाही. 'आम्हाला खेळ शिकवणारा हा कोण' हा प्रश्न सगळ्या जगात सारखाच असतो. १९८४ मध्ये रॉय बाउमायस्टर यानं दाखवून दिलं की दडपणाखाली माणूस अनेकदा कमी प्रयत्नामुळे बिघडत नाही, जास्त लक्ष दिल्यामुळे बिघडतो. जी गोष्ट हाताला आपोआप येते तिच्यावर तो नजर ठेवायला लागतो आणि हात गडबडतो. म्हणजे मॅचमध्ये गळपटलेल्या पोराला 'अजून जोर लाव' म्हणणं म्हणजे आगीत रॉकेल ओतणं.

मराठीत ही भाषा आणण्याचं मोठं काम नाशिकच्या भीष्मराज बाम यांनी केलं. पोलीस सेवेत वरिष्ठ पदावर राहिलेला हा माणूस नेमबाजीतून क्रीडा मानसशास्त्राकडे वळला. अंजली भागवत यांच्यासारख्या नेमबाजांबरोबर त्यांनी काम केलं, 'विनिंग हॅबिट्स' हे पुस्तक लिहिलं, आणि योगातली एकाग्रता व पाश्चात्त्य मानसशास्त्र यांना एका ताटात जेवायला बसवलं. २०१७ मध्ये ते गेले. आखाडा आणि प्रयोगशाळा यांच्यामधला रस्ता आपल्याच राज्यातल्या एका माणसानं चालून दाखवला, हे आपल्या पिढीला फारसं माहीत नाही.

शेवटच्या सकाळचे ८७ रन

विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळत होता. साठ वर्षं झाली तरी करंडक नाही. 'विदर्भाची पोरं सॉफ्ट आहेत' हे वाक्य तेव्हा सहज फेकलं जायचं. डिसेंबर २०१७ मध्ये कोलकात्याला सेमीफायनल होती. शेवटच्या सकाळी कर्नाटकला ८७ रन हवे होते, हातात ३ विकेट. सोपं वाटतं, पण कर्नाटक रन काढत गेला, काढत गेला, आणि विदर्भ ५ रननी जिंकला. रजनीश गुरबानीनं त्या डावात ७ विकेट घेतल्या.

फायनल इंदूरला, दिल्लीविरुद्ध. उमेश यादव नव्हता. विदर्भानं अकोल्याच्या आदित्य ठाकरे या १९ वर्षांच्या फास्ट बॉलरला थेट फायनलमध्ये पदार्पण दिलं. विचार करा. आयुष्यातली पहिली फर्स्ट क्लास मॅच, आणि ती रणजीची फायनल. विदर्भ ९ विकेटनी जिंकला. गुरबानीनं हॅटट्रिक घेतली म्हणून नाव त्याचं झालं, ते योग्यच. पण कोच चंद्रकांत पंडित आणि कॅप्टन फैज फजल यांनी अकोल्याच्या पोरावर टाकलेला विश्वास मला जास्त मोलाचा वाटतो. मल्लखांबाखाली हात पुढे करून उभा राहणारा वस्ताद तोच असतो. तो 'पडणार नाहीस' असं म्हणत नाही. 'पडलास तर मी आहे' एवढंच त्याच्या उभं राहण्यात असतं.

आणि २७ मे २०२५ ची लखनऊची रात्र तुम्ही मोबाईलवर पाहिलीच असेल. समोर २२८ चं टार्गेट, चार विकेट गेलेल्या, आणि बंगळुरूची कॅप्टन्सी त्या दिवशी अमरावतीच्या जितेश शर्माकडे. मधेच कॅच दिला तो नो बॉल निघाला. मग बॉलरनं नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला त्याला रनआउट करायचा प्रयत्न केला, अपील झालं, थर्ड अंपायर झाला. एवढ्या गोंधळात कुणाचंही डोकं फिरेल. तो ३३ बॉलमध्ये ८५ करून नाबाद राहिला. त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते मी सांगू शकत नाही. दिसलं ते एवढंच, की झालेल्या गोष्टीचं ओझं पुढच्या बॉलवर आलं नाही.

मग काय म्हणायचं?

बर्लिनला गेलेल्या पथकाची बातमी गावात पोचायला किती दिवस लागले असतील, कल्पना करा. आज तालुक्याच्या मॅचमध्ये पोरगा कॅच सोडतो आणि मैदानाबाहेर येईपर्यंत त्याची रील ग्रुपवर फिरत असते, वर हसणाऱ्या इमोजी. बघणारे डोळे वाढले. खांबाखालचे हात मात्र तेवढेच आहेत, किंवा कमी झालेत.

म्हणून पुढच्या वेळी तुमचा दोस्त बॉक्सिंगच्या रिंगमध्ये, पोलीस भरतीच्या १६०० मीटरला किंवा शाळेच्या खो-खोला उतरत असेल, तेव्हा 'टेन्शन नको घेऊ' हे गिळून टाका. टेन्शन येणारच, त्याच्या शरीराला कळलंय की काहीतरी महत्त्वाचं आहे. त्याला करायला काहीतरी द्या. सांगा, लांब श्वास सोड. सांगा, रोज उतरताना जे करतो तेच कर, तसंच. सांगा, फक्त पहिल्या बॉलकडे बघ.

आणि तो गळपटलाच, तर त्याला भित्रा म्हणू नका. त्याच्या जिन्याची एखादी पायरी राहून गेली असेल. ती उद्या सकाळी मैदानावर त्याच्याबरोबर चढायची.