हवाई संरक्षण केंद्राची प्रतिकृती : रँडचे प्रयोग (१९५२-५४)

१९४९ मध्ये सोव्हिएत संघाने अणुचाचणी केल्यानंतर अमेरिकेत हवाई संरक्षणाचा प्रश्न निकडीचा झाला. रडारवरील असंख्य विमानांतून शत्रूचे विमान वेळीच ओळखण्याची जबाबदारी नियंत्रण केंद्रातील माणसांवर होती. प्रत्यक्ष हल्ल्याविना त्यांच्या कार्यपद्धतीचा अभ्यास करण्यासाठी रँड कॉर्पोरेशनने कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे अशा केंद्राची प्रतिकृती उभारली. जॉन केनेडी, रॉबर्ट चॅपमन, विल्यम बील आणि ॲलन नेवेल हे तेथील प्रमुख संशोधक होत.

१९५२ च्या पहिल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी केंद्र चालविले. पुढे हवाई दलाचे कर्मचारी आले. नेवेल व क्लिफ शॉ यांनी छिद्रित कार्डांवर चालणाऱ्या गणनयंत्राद्वारे विमानांची बदलती स्थाने दाखविणारे रडार-नकाशे छापून घेतले. विद्यार्थी इतक्या लवकर सरावले की विमानांची संख्या वाढवावी लागली. यंत्रसामग्री तीच होती. मात्र प्रत्येक सत्रानंतर परिणाम कळत असल्याने महत्त्वाची माहिती निवडून उरलेली सोडून देण्यास तो गट शिकला. केंद्राची क्षमता ही केवळ यंत्रे व व्यक्ती यांच्या क्षमतांची बेरीज नसते, हा या प्रयोगांचा मुख्य निष्कर्ष म्हणता येईल. त्यातूनच हवाई दलाचा प्रशिक्षण कार्यक्रम आकारास आला.

त्या छापील नकाशांवरून संगणक आकड्यांप्रमाणेच चिन्हेही हाताळू शकतो, हे हर्बर्ट सायमन यांच्या लक्षात आले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या इतिहासात म्हणूनच या प्रयोगांना स्थान आहे. तथापि, प्रतिकृतीतील हल्ला संशोधकांनीच रचलेला होता. गट जे शिकला, ते त्या कल्पित शत्रूच्या मर्यादेतच, ही बाब अशा अभ्यासाचे मूल्यमापन करताना दुर्लक्षून चालणार नाही.