वहीतला कोळसा आणि गच्चीवरची माकडं



वैशाखात गच्चीवर मुगाचे पापड वाळत घातले होते. मी पाणी प्यायला खाली गेले, तेवढ्यात माकडांची टोळी आली आणि निम्मे पापड गेले. शेजारी म्हणाले, पिंजरेवाल्याला बोलवू. अंगणात लाकडाचा भारा उतरवून बसलेली कातकरी मावशी लगेच उठली. "नका धरू वहिनी, ती आमचीच माणसं." मी हसले. रात्री प्रतिक्रमणाला बसले तरी तिचं बोलणं डोक्यातून जाईना.

ती थट्टा करत नव्हती. रामाबरोबर लंकेला गेलेल्या वानरांचे आम्ही वंशज, असं कातकरी परंपरेनं सांगत आले आहेत. तांबड्या तोंडाच्या माकडात माणसाचा जीव असतो म्हणून ते त्याला मारत नाहीत, अशी नोंद एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये आहे. आपल्याकडेही चौथे तीर्थंकर अभिनंदननाथ यांचं लांछन वानर. विमलसूरींच्या 'पउमचरियं'मध्ये वानर म्हणजे ध्वजावर वानरचिन्ह मिरवणारे विद्याधर. एका गल्लीतल्या दोन घरांचं माकडाशी इतकं जवळचं नातं, आणि त्यावर आम्ही कधी बोललोच नव्हतो.

आमचं जिते पेण तालुक्यात, पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर. आसपासच्या डोंगरांत कातकरी आणि ठाकरांच्या वाड्या आहेत. खैराचं लाकूड उकळून विड्याचा कात काढणारे म्हणून 'कातकरी' हे नाव पडलं. १८७८च्या वन कायद्यानं सरकारनं डोंगर राखीव करायला घेतले, आणि खैरही हातचा गेला. काल जे लाकूड, गवत, कंद आपलं होतं, त्यासाठी आज परवानगी लागू लागली. दुसरीकडे रेल्वेसाठी आणि मुंबईच्या चुलींसाठी जंगल तुटतच राहिलं. कात बंद झाला तेव्हा पुष्कळ कातकरी कोळशाच्या भट्ट्यांवर गेले.

इथे मला आमच्या घराकडे यावं लागतं. आजेसासऱ्यांची कोळशाची वखार होती. सासूबाईंच्या पेटीत एक जुनी वही सापडली. त्यात नाव, भट्टी आणि 'उचल' असे रकाने आहेत. पावसाळ्यात काम नसताना घेतलेली उचल फेडायला अख्खं कुटुंब दिवाळीनंतर भट्टीवर जायचं, आणि हंगाम संपला तरी बाकी उरायचीच. वेठबिगारी बंद करणारा कायदा झाला १९७६ साली. वही त्याच्या आधीची आहे, एवढं म्हणून मला सुटता येत नाही.

जित्याहून खारपाड्याचा पूल ओलांडून उरणच्या बाजूला वळलं की चिरनेर लागतं. २५ सप्टेंबर १९३० रोजी तिथल्या अक्कादेवीच्या डोंगरावर आसपासच्या गावांतली माणसं कोयते-कुऱ्हाडी घेऊन जंगलचा कायदा मोडायला निघाली. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही हुतात्मा झाले, त्यात आगरी, कोळी होते आणि नाग्या महादू कातकरीही होता. गोळी लागून मामलेदार जोशीही गेले.

तुम्ही विचाराल, झाड तोडायला निघालेल्यांना जंगल राखणारे कसं म्हणायचं? वनस्पतीतही जीव मानणाऱ्या आपल्याला हा प्रश्न पडायलाच हवा. मलाही पडला. पण त्यांना डोंगर उजाड करायचा नव्हता. रानाबद्दल बोलायचा हक्क कुणाचा, एवढाच त्यांचा सवाल होता. ज्याची चूल रानावर चालते, त्यालाच रानात चोर ठरवलं, तर ते रान राखणार कोण?

स्वातंत्र्यानंतर जवळच कर्नाळा अभयारण्य झालं, १९६८ साली. जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान असलेलं फणसाड १९८६ मध्ये अभयारण्य झालं. तिथे आज शेकरू आहे, वानरं आहेत. रानात राहणाऱ्यांचा हक्क मात्र कायद्यानं मान्य व्हायला २००६ उजाडलं. त्यानंतर २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. तिथला बांबू आता ग्रामसभेच्या निर्णयानं तोडला जातो.

माकडांचीही गोष्ट यापेक्षा वेगळी नाही. बिनशेपटीचा हुलॉक गिबन आपल्याकडे फक्त ईशान्येत राहतो. आसाममधल्या जोरहाटजवळ त्याच्यासाठी १९९७ मध्ये अभयारण्य झालं. तो झाडावरून सहसा खाली उतरत नाही. फांदीला फांदी लागली नाही, तर त्याची वाट तिथेच संपते. त्या रानाभोवती चहाचे मळे आहेत, मधून रेल्वे गेली आहे. नुसत्या कुंपणानं असा प्राणी वाचत नाही. शेजारचं गाव आपलं झाड त्याच्यासाठी उभं ठेवतं, तेव्हाच त्याला पुढची फांदी मिळते.

आपल्या सातव्या व्रताच्या अतिचारांत पंधरा कर्मादानं येतात. अंगारकर्म म्हणजे कोळसा पाडण्याचा धंदा, वनकर्म म्हणजे जंगल तोडून पोट भरणं, दवदान म्हणजे रान पेटवणं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे शब्द म्हणत आले. वही हातात घेईपर्यंत ते आपल्या घराबद्दल आहेत, हे लक्षात आलं नव्हतं. आणि त्या वहीत जीवहिंसा फक्त झाडांची नाही, माणसांची नावंही त्यात आहेत.

पर्युषणात आपण जीवदया खात्यात पैसे लिहितो. पांजरपोळ, कबुतरांचे दाणे, सगळं चांगलंच आहे. या वर्षी मी मावशीला विचारलं, तुमच्या वाडीसाठी रोपं आणून देऊ का? ती म्हणाली, "झाडं आम्ही लावू वहिनी, रानात आपणहून पण येतात. तुम्ही त्या दाव्याच्या कागदांचं बघा." वाडीचा सामूहिक वनहक्काचा दावा कागदांवाचून अडला आहे. नकाशे, झेरॉक्स, तालुक्याच्या फेऱ्या, लिहून देणारं कुणी.

आजेसासऱ्यांच्या वहीत हिशेब लिहिणारे हात आमच्याच घरचे होते. आता दाव्याचे अर्ज लिहायला मी दर रविवारी वाडीवर जाते. जिला जमेल तिनं बरोबर यावं. वाटेत माकडं भेटतील, पिशवीतलं खाणं मात्र झाकून ठेवा.