मूत्रपिंडविकार : विषाणुसंसर्गानंतरच्या रक्ताच्या गुठळ्या
2020 च्या मे-जूनमध्ये जळगावातील कोविडचा मृत्युदर देशाच्या सरासरीहून कितीतरी अधिक होता. मात्र अशा मोजणीतून संसर्गानंतरचे महिने निसटतात, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला जपायचे ते त्याच काळात. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अभ्यासात सर्वसाधारण कोविडरुग्णांमध्येही पायाच्या खोल शिरेतील गुठळीचा धोका 3 महिने, तर फुप्फुसातील गुठळीचा 6 महिने वाढलेला आढळला. संसर्गाने रक्तवाहिन्यांचे अस्तर सुजते. लघवीतून प्रथिने जाणाऱ्या रुग्णात रक्त गोठणे रोखणारे अँटिथ्रॉम्बिनही वाहून जाते. खानदेशच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात शरीरातील पाणी घटले, की रक्त गोठण्याकडे कल आणखी वाढतो.

याच रुग्णांत रक्तस्रावही अधिक होतो, हा आक्षेप रास्त आहे. साचलेल्या टाकाऊ द्रव्यांमुळे प्लेटलेट नीट काम करत नाहीत. म्हणून सरसकट रक्त पातळ करणारी औषधे देणे चुकीचेच. रक्त पातळ करणारे एनॉक्सापॅरिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे मात्रा घटवावी लागते किंवा साधे हेपारिन वापरतात. डी-डायमर हा गुठळीचा रक्तातील निदर्शक या रुग्णांत एरवीही वाढलेला असतो. केवळ त्यावर निदान करता येत नाही. पण औषध सर्वांना नको, म्हणून पाळतही नको, असे होत नाही. एका पायाची सूज, अचानक लागलेला दम किंवा डायलिसिसच्या फिस्टुल्याची थांबलेली थरथर दिसताच त्याच दिवशी तपासणी हवी.